सफरचंदाचा सॉस घरी कसा करावा (पुरणयंत्र असेल तर अर्धं काम झालंच)

पोळा झाला की आपल्याकडच्या आठवडी बाजारात सफरचंदं दिसायला लागतात, आधी हिमाचलची, मग काश्मीरची. त्यात गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, म्हणजे घरात पूजेची चार-पाच फळं पडलेली असतातच आणि तोपर्यंत ती अशी भुसभुशीत होतात की पोरं हात लावत नाहीत. सॉस करायचा तो याच फळांचा. स्टिकर लावलेली चकचकीत महागाची सफरचंदं यासाठी घेऊ नका, ती चावून खायची, शिजवायला तर बाजार उठता उठता मिळणारा दागी ढिगलासुद्धा चालतो. फक्त दबलेलं वेगळं आणि बुरशी आलेलं वेगळं, बुरशीवालं फळ तेवढाच भाग कापून वापरायचं नाही, सरळ फेकायचं.

सॉस म्हटलं की टमाटरची बाटली आठवते पण हा तसा नसतो, सफरचंद शिजवून केलेला गोडसर आंबट गर, पातळ शिऱ्याएवढा घट्ट.

एक किलो सफरचंदं घ्या. सालीवर मेण असतं म्हणून कोमट पाण्यात चोळून धुवा. आता पुरणयंत्र असेल तर साल काढायच्या भानगडीत पडू नका, चार फोडी करा, मधला कडक भाग आणि बिया काढा, बस. साल जाळीवर अडकून राहते, गर खाली पडतो, आणि लाल साल सोबत शिजली की सॉसला छान गुलाबी झाक येते ती वेगळीच. साल मात्र बारीक चिरू नका, फोडी मोठ्याच ठेवा. मिक्सर वापरणार असाल तर साल आधीच काढा, पण लाईटचा भरवसा नसतो आणि मिक्सरमधे तो फारच गुळगुळीत होतो, मला तरी पुरणयंत्रातला रवाळच आवडतो.

भांडं जाड बुडाचं स्टीलचं घ्या. जर्मनचा गंज म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं नको, फळातल्या आंबटपणाने त्याचा धातू थोडा सॉसमधे उतरतो आणि चवही बिघडते. फोडींवर एका मोठ्या लिंबाचा रस पिळा. परदेशात सॉससाठी आंबट जातीची सफरचंदं वापरतात, आपल्याकडे येणारं लाल डेलिशियस नुसतं गोड असतं, लिंबू नसलं तर सॉस सपक लागतो. शिवाय फोडी काळ्या पडत नाहीत. वरून अर्धा कप पाणी, कलमीचा म्हणजे दालचिनीचा बोटभर तुकडा, चिमूटभर मीठ. पाणी यापेक्षा जास्त नको, सफरचंदात मुळातच पाणी भरपूर असतं, सुरवातीला भांडं कोरडं वाटतं पण पाच मिनिटांत सुटतं.

झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, मधे दोनदा सराट्याने म्हणजे उलथण्याने खालीवर करा. फोड सराट्याने दाबली की आपोआप पसरली पाहिजे, नुसतं टोक आत गेलं म्हणजे शिजलं असं नाही. घाई असेल तर लोक कुकरच्या भांड्यात डायरेक्ट टाकतात, ते करू नका, सफरचंदाला फेस येतो आणि तो शिट्टीच्या नळीत अडकू शकतो. कुकरच लावायचा तर खाली पाणी, आत झाकणाच्या डब्यात फोडी, दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जाऊ द्या.

कलमी काढून घ्या, थोडं निवलं की पुरणयंत्रातून फिरवा, आणि मग चाखा. साखर आत्ता, आधी नाही, कारण फळ किती गोड निघालं ते आत्ताच कळतं, बरेचदा दोन चमचे पुरते, कधी लागतच नाही. गूळ टाकला तर रंग काळपट होतो पण चव लय भारी येते बापा. परत पाच मिनिटं गॅसवर ठेवा, तेव्हा तो घट्ट होताना फटफट उडतो आणि हाताला चटका बसतो, म्हणून झाकण आडवं धरूनच हलवा. चमच्याने ताटलीत टाकून पाहा, कडेने पाणी सुटलं नाही म्हणजे झाला. एका किलोचा पाऊण किलोच्या आसपास होतो.

कोणाला संत्र्याचा रस टाकायची हौस असतेच आपल्याकडे, तो गॅस बंद केल्यावर टाका, आपल्या नागपुरी संत्र्याचा रस उकळला की कडवट होतो.

खायला पोळीसोबत, धिरड्यासोबत, दह्यात कालवून, कसाही. उपासाला साखरेऐवजी गूळ आणि सैंधव टाकून भगरीच्या धिरड्यासोबत चांगला लागतो. सहा महिन्यांवरच्या लेकराला द्यायचा तर साखर-मीठ-गूळ काहीच नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही.

ठेवायचा कसा, तर काचेची बरणी उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करा, सॉस थंड झाला की भरा, फ्रीजमधे आठवडाभर राहतो, चमचा मात्र दरवेळी कोरडा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमधे गोठवून वड्या डब्यात भरा, दोन-तीन महिने चालतात. फ्रीज नसेल तर ऑक्टोबरच्या उन्हात तो बाहेर टिकत नाही, दोन-तीन सफरचंदांचाच करा आणि त्याच दिवशी संपवा.