आयरिश पूर्वज शोधताना आडनावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नका: या चुका टाळा

आजोबा स्वतःला ओ'रायली लिहायचे, म्हणून पणजोबांची नोंदही ओ'रायली याच नावानं सापडेल असं धरून चालणं, ही आयरिश वंशावळीच्या शोधातली सर्वांत महागात पडणारी चूक. 'ओ' म्हणजे वंशज, 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलात ही उपपदं मोठ्या प्रमाणावर गळून पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक संस्कृतीचं वारं पुन्हा वाहू लागलं तेव्हा अनेकांनी ती परत लावली. त्यामुळे १८४० च्या बाप्तिस्म्यात रायली असलेला माणूस १९११ च्या जनगणनेत ओ'रायली असू शकतो.

इथे 'सारखी नावं दाखवा' या सोयीवरही विसंबू नका. तिच्यामागे बहुधा साउंडेक्स ही उच्चारानुसार गट पाडणारी पद्धत असते आणि ती पहिलं अक्षर कधीच बदलत नाही. ओ'रायलीचा कोड ओ-६४० येतो, रायलीचा आर-४००. संगणकाच्या लेखी या दोन नावांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. म्हणून प्रत्येक शोध निदान तीनदा करा: उपपदासह, उपपदाशिवाय, आणि उपपदानंतर मोकळी जागा सोडून.

भाषांतरित आडनावं याहून फसवी. मॅक गवन म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) या घराण्यातले कितीतरी लोक सरळ स्मिथ झाले. गॉलवेत मॅक कनरी या आयरिश नावाचं कुठे कॉनरॉय झालं, तर कुठे 'री' म्हणजे राजा असा अर्थ लावून किंग. क्लार्क आडनाव दिसलं की कुटुंब इंग्लंडहून आलं असेल, असा निष्कर्ष काढू नका. ते मूळचं ओ क्लेरी असू शकतं. १९११ ला काही घरांनी जनगणनेचा फॉर्म आयरिश भाषेतच भरला. अशी घरं इंग्रजी स्पेलिंगनं शोधल्यास सापडत नाहीत. तिथे आडनाव रिकामं ठेवा आणि फक्त गाव, पहिलं नाव आणि वय टाका.

पहिल्या नावांचंही तेच. ब्रिजेट हीच डीलिया आणि बिडी, ऑनोरा हीच नोरा किंवा हॅना. टिमथी हाच थेडी. कॅथलिक रजिस्टर बरेचदा लॅटिनमध्ये असतं: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस. बाप्तिस्म्याच्या ओळीत बाळाच्या नावानंतर वडील, मग आई आणि शेवटी दोन धर्मपालक, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेले पालक, येतात. आईचं नाव बहुधा माहेरच्या आडनावासह असतं आणि शोधाची खरी किल्ली तीच. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पाच पॅट्रिक मर्फी असतील, पण पॅट्रिक मर्फी आणि कॅथरिन ड्रिस्कॉल ही जोडी सहसा एकच. धर्मपालकांची नावंही उतरवून घ्या. ते अनेकदा मामा, मावशी किंवा काका निघतात.

काउंटीवर थांबू नका

'आमचे लोक कॉर्कचे' ही घरातली आठवण अनेकदा जहाज सुटलं त्या बंदराची असते. क्वीन्सटाउन म्हणजे आजचं कोव्ह. पश्चिमेकडची माणसंही तिथूनच बोटीत बसली. जुन्या कागदांतली किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली आणि क्वीन्स काउंटी म्हणजे लीश, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याला हवं असतं ते टाउनलँड, म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला भाग. अशी साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि किलमोरसारखी नावं अनेक काउंटींत पुन्हा पुन्हा येतात. शिवाय सिव्हिल (सरकारी कारभारातली) पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या सीमा जुळत नाहीत. रजिस्टर उघडण्याआधी टाउनलँड कोणत्या कॅथलिक पॅरिशमध्ये येतं ते नकाशावर पाहा, नाहीतर शेजारच्या पॅरिशची पानं उलटण्यात आठवडे जातील. लग्न बहुतेकदा वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं, म्हणून वराच्या गावी नोंद नसली तर तिकडे वळा.

'१९२२ ला सगळं जळालं' म्हणून हात टेकू नका

३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातलं अभिलेखागार जळालं आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणना, काही तुकडे सोडल्यास, गेल्या. १८६१ ते १८९१ च्या मात्र त्याआधी सरकारनंच नष्ट केल्या होत्या. पण कॅथलिक रजिस्टरं चर्चमध्येच होती, म्हणून ती वाचली. साधारण १८८० पर्यंतची पानं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत दिसतात. १ जानेवारी १८६४ पासूनच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या सरकारी नोंदी आहेत. कॅथलिकेतर विवाहांच्या १८४५ पासून. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत.

पूर्वज १८६४ च्या आधी देश सोडून गेला असला, तर मागे राहिलेल्या भावंडांचा माग काढा. त्यांच्या १८६४ नंतरच्या विवाहनोंदीत वडिलांचं नाव, धंदा आणि वधूवरांचा पत्ता मिळतो. १९११ च्या फॉर्मवर विवाहित स्त्रीला लग्नाला किती वर्षं झाली आणि मुलं किती झाली, किती हयात, हेही विचारलं होतं.

ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली जमीन आणि घरांची मोजदाद (१८४७ ते १८६४), जनगणनेची जागा भरून काढतं, पण त्यात फक्त कूळ आणि जमीनदार असतात. बायकामुलं शोधत बसू नका. टिपेररीत रायन इतके की नोंदणारा नावापुढे कंसात वडिलांचं नाव किंवा टोपणनाव लिहायचा. ते सोडून दिलंत तर भलत्याच रायनच्या घरात शिराल. मूल्यांकनानंतर दर फेरफाराची नोंद वेगळ्या रंगाच्या शाईनं होत गेली. उत्तर आयर्लंडची ही फेरफार पुस्तकं बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. कूळ बदलल्याचं वर्ष पाहून त्याच्या आसपास मृत्यूची नोंद शोधा.

वय आणि तारखा

१९०१ ला ५६ आणि १९११ ला ७१ अशी वयं दिसली तर माणूस वेगळा आहे असं समजू नका. जानेवारी १९०९ पासून सत्तरीनंतर पेन्शन मिळू लागली आणि पुष्कळांकडे जन्माचा दाखला नव्हता. वय सिद्ध करण्यासाठी तेव्हा १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोध घेतला जायचा आणि ते शोधअर्ज वाचले आहेत. त्यांत आईवडिलांची नावं, टाउनलँड आणि जळालेल्या जनगणनेतून उतरवलेला मजकूर मिळतो. हे कागद न पाहता शोध बंद करू नका.

बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या आधीचा दिसला, तर बाप्तिस्म्यावर विश्वास ठेवा. नोंदणीला उशीर झाला की दंड होई, म्हणून आईवडील जन्मतारीख पुढे ढकलून सांगत.

मुंबई इलाख्यातला आयरिश सैनिक

ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे युरोपियन पलटणीत आयरिश शिपाई पुष्कळ होते. तीच पुढे १८८१ ला रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सची दुसरी बटालियन झाली. पूर्वज या इलाख्यात वारला असेल, तर चर्चच्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या 'एन/३' मालिकेत आहेत. त्यांत सहसा आयर्लंडमधलं गाव नसतं. शिपाई राणीच्या सैन्यातून पेन्शनवर सुटला असेल, तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या 'डब्ल्यूओ ९७' मालिकेतले सेवामुक्तीचे कागद मागवा. त्यावर जन्माची पॅरिश आणि काउंटी लिहिलेली असते, आणि तिथून टाउनलँडचा शोध सुरू करता येतो.