जुन्या घरातल्या वस्तू बघायला जाताना

जुन्या घरगुती वस्तूंचं संग्रहालय बघायचं असेल तर घरातली आजी किंवा मावशी बरोबर न्याच. वस्तूखालच्या पाटीवर नाव असतं, वापर त्यांच्या हातात असतो.

सगळी दालनं एका दमात उरकू नका. पाच-सहा वस्तू निवडा आणि झीज शोधा. जात्याच्या वरच्या तळीत धान्य ओतायचं तोंड असतं, कडेला खुंटा. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडंभरडं पडतं, म्हणून टाकी, म्हणजे छिन्नी लावून तो पुन्हा खरखरीत करत. त्या टाकीच्या खुणा दिसतायत का ते तिरक्या उजेडात पाहा, समोरून दिसत नाहीत. अडकित्त्याच्या पात्याचा मधला भाग खपला असेल, तर तो नुसता शोभेचा नव्हता हे नक्की.

पितळी पातेलं आतून बघा. पांढरट चकाकी म्हणजे कल्हई, कथलाचा थर. ती उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, म्हणजे धातू उतरून बिघडते. काठावर टोचलेलं नाव दिसलं तर जरूर वाचा. लग्नात आलेली भांडी पंगतीत हरवू नयेत म्हणून ती नावं घालत.

फोटोची परवानगी असेल तर फ्लॅश बंद ठेवा आणि फोन काचेला जवळजवळ टेकवा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

नाशिककरांनी नंतर भांडी बाजारात चक्कर मारावी. घंगाळ नि बंबाचे आकार तिथे हाताळून बघता येतात.