घरच्या ब्रॉडबँडवर स्वतःचा इंटरनेट फोन जोडताना

ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या राउटरच्या मागे बहुधा टेलिफोनचे एक खाच असते; त्यात साधा फोन जोडला की डायल टोन मिळतो. त्याऐवजी स्वतःचा आयपी फोन, म्हणजे थेट इंटरनेटवर चालणारा फोन, किंवा जुना फोन इंटरनेटला जोडणारा अडॅप्टर, ज्याला एटीए म्हणतात, वापरायचा असेल, तर उपकरण विकत घेण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे. फोनसेवेच्या खात्याची माहिती ग्राहकाला मिळते का? कंपनीच्या राउटरमध्ये ही माहिती दुरून, आपोआप भरली जाते आणि ती ग्राहकाला दिसत नाही. ती देण्यास कंपनी तयार नसेल, तर सर्वांत महागडा फोनदेखील त्या क्रमांकावर चालणार नाही. अशा वेळी फोनसेवा वेगळ्या इंटरनेट टेलिफोन कंपनीकडून घ्यावी आणि ब्रॉडबँडचा उपयोग केवळ वाहतुकीच्या रस्त्यासारखा करावा.

कंपनीकडून पुढील गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: एसआयपी (इंटरनेटवरून कॉल जोडण्याचा नियमसंच) सर्व्हरचा पत्ता, प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, वेगळा असल्यास त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, पडताळणीसाठी वेगळे नाव असल्यास ते, पासवर्ड, आणि कोणते कोडेक, म्हणजे आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या पद्धती, चालतात त्यांची नावे. वापरकर्त्याचे नाव आणि पडताळणीचे नाव या दोन गोष्टी अनेकदा निराळ्या असतात, आणि एकाच्या जागी दुसरे भरल्यामुळे वाया गेलेल्या संध्याकाळी पुष्कळ असतील. आणखी एक बाब विचारायलाच हवी: ही फोनसेवा सर्वसाधारण इंटरनेटवरून मिळते की कंपनीच्या जाळ्यातील वेगळ्या व्हीलॅनवरून, म्हणजे त्याच तारेतल्या स्वतंत्र आभासी जाळ्यावरून? काही ठिकाणी सर्व्हरचे नाव केवळ कंपनीच्याच डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरला, ओळखता येते; राउटरमध्ये दुसरा डीएनएस भरलेला असेल तर सर्व काही अचूक भरूनही नोंदणी, म्हणजे उपकरणाची सर्व्हरकडे हजेरी, होत नाही.

जुना फोन वापरायचा असल्यास एटीएवर एफएक्सएस प्रकारचे, म्हणजे साध्या फोनला डायल टोन देणारे, पोर्ट असल्याची खात्री करावी. एफएक्सओ पोर्टचे काम नेमके उलटे आहे: ते टेलिफोन एक्स्चेंजची लाइन आत घेण्यासाठी असते. घरातील भिंतींमधल्या जुन्या तारांवरून सर्व खोल्यांतले फोन चालवायचे असतील, तर त्या तारा बाहेरून येणाऱ्या लाइनपासून आधी पूर्णपणे तोडाव्यात, कारण चालू लाइनवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो, घंटी वाजताना तो आणखी वाढतो, आणि तो एटीएमध्ये उलटा शिरला तर उपकरण जळू शकते. चकती फिरवून क्रमांक लावायचा फोन हौसेने जपून ठेवला असेल, तर एटीएला पल्स डायलिंग समजते का हेही पाहावे. अनेकांना ते समजत नाही.

माहिती भरण्यासाठी उपकरण राउटरला तारेने जोडावे, त्याचा आयपी पत्ता शोधून ब्राउझरमध्ये उघडावा आणि सर्वप्रथम व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. त्यानंतर कंपनीने दिलेली माहिती भरावी. एकाच खात्यावर कंपनीचा राउटर आणि आपले उपकरण अशी दोघांची नोंदणी एकाच वेळी राहू देऊ नये, अन्यथा येणारा कॉल कोणाकडे जाईल याचा नेम नसतो. मात्र नवी व्यवस्था काही दिवस नीट चालेपर्यंत जुने उपकरण टाकूनही देऊ नये. नोंदणी न झाल्यास उपकरणाच्या नोंदीतले आकडे वाचावेत. ४०१ हा सुरुवातीचा प्रतिसाद दोष नव्हे. सर्व्हर त्याद्वारे पासवर्डाची पडताळणी मागतो. त्यानंतर ४०३ आल्यास पासवर्ड चुकला आहे किंवा खात्याला मनाई आहे असे समजावे. काहीच उत्तर येत नसेल, तर दोष खात्यात नसून वाटेत आहे.

ही वाट म्हणजे राउटर, आणि खरी डोकेदुखी बहुधा तेथेच असते. एसआयपी हा नियमसंच, जो २००२ मध्ये आरएफसी ३२६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून सध्याच्या रूपात आला, संदेशाच्या आतच उपकरणाचा पत्ता लिहितो, तर राउटर घरातील खासगी पत्ता बाहेर जाताना बदलतो; त्यामुळे पाकिटावरचा पत्ता एक आणि आतल्या पत्रातला दुसरा अशी स्थिती होते. ती सुधारण्यासाठी अनेक राउटरांत एसआयपी एएलजी नावाची सोय असते, पण ती मदतीपेक्षा घोळच अधिक घालते. एका बाजूचाच आवाज ऐकू येणे किंवा कॉल मध्येच तुटणे अशी लक्षणे दिसल्यास सर्वप्रथम ही सोय बंद करावी. कॉल करता येतात, पण काही मिनिटे शांततेत गेल्यावर येणारे कॉल वाजत नाहीत, असे होत असेल, तर राउटर मधला मार्ग विसरत आहे. उपकरणात कीप-अलाइव्ह, म्हणजे मार्ग जागा ठेवणारा छोटा संदेश, सुरू करून त्याची मुदत २० ते ३० सेकंद ठेवावी. कॉल बरोबर १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल, तर सेशन टायमरच्या, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने पाहणाऱ्या घड्याळाच्या, नूतनीकरणाचा संदेश अडतो आहे, असा संशय घ्यावा.

यावर उपाय म्हणून राउटरमध्ये ५०६० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे एसआयपीचे संदेश येण्याचे दार, बाहेरच्या जगासाठी उघडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. या पोर्टवर स्वयंचलित चाचपणी अखंड चालू असते, आणि मध्यरात्री १०० किंवा १००१ अशा विचित्र क्रमांकावरून फोन वाजला तर तो त्याच चाचपणीचा परिणाम असतो. उपकरणाने केवळ आपल्या सर्व्हरकडून आलेले कॉलच स्वीकारावेत अशी मांडणी करावी, आणि गरज नसल्यास आंतरराष्ट्रीय कॉल खात्यातूनच बंद करून घ्यावेत, कारण पासवर्ड चोरीला गेला की बिल तेथेच फुगते.

आवाजाच्या दर्जासाठी प्रचंड वेग लागत नाही. जी.७११ कोडेकला आवाजासाठी ६४ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. सेकंदाला ५० पॅकेट (आवाजाचे तुकडे) आणि त्यांच्यावरची पत्त्याची शीर्षके धरून हा भार एका दिशेला साधारण ८० किलोबिट होतो, तर आवाज अधिक दाबून पाठवणाऱ्या जी.७२९ ला सुमारे २४ पुरतात. खरा शत्रू आहे तो विलंब. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज वाटते, पण घरातले कोणी मोठी फाइल चढवू लागले की राउटरमध्ये रांग साचते आणि आवाज तुटू लागतो. म्हणून राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे वाहतुकीचा अग्रक्रम ठरवण्याची सोय, सुरू करून फोनला प्राधान्य द्यावे आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास बांधावी. रांग कंपनीच्या मोडेममध्ये साचू लागली तर आपल्या प्राधान्याला काही अर्थ उरत नाही. फॅक्स वापरणाऱ्यांनी जी.७२९ पूर्णपणे टाळावे आणि टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत, चालते का ते पाहावे.

वीज गेल्यावर मोडेम, राउटर आणि एटीए या तिघांनाही यूपीएसचा आधार लागतो; त्यातले एक जरी बंद पडले तरी फोन मुका होतो. आपत्कालीन क्रमांक या सेवेवरून लागतो का आणि त्यासाठी कोणता पत्ता नोंदवलेला आहे, हे कंपनीला विचारून घ्यावे, त्या क्रमांकावर फोन लावून तपासू नये. शेवटची चाचणी मात्र स्वतः करावी: बाहेरून घरी आणि घरून बाहेर असे दोन्ही कॉल करावेत, त्यांतील एक कॉल अर्ध्या तासाहून अधिक चालू ठेवावा, आणि एखाद्या ग्राहक सेवेच्या स्वयंचलित यादीत आकडे दाबून पाहावेत. आकडे ओळखले जात नसतील, तर डीटीएमएफची, म्हणजे बटण दाबल्यावर उमटणाऱ्या सुरांची, पद्धत आरएफसी ४७३३ वर, किंवा जुन्या उपकरणात त्याच जागी दिसणाऱ्या आरएफसी २८३३ वर, ठेवावी.