डोंगरातली सायकल सहल: दिवस किलोमीटरने मोजू नका

चार-पाच दिवस डोंगरात सायकल चालवायची ठरलं की चर्चा सुरू होते सायकलीवर. सस्पेन्शन १२० मिलिमीटरचं हवं की १४०, टायर किती रुंद, गिअर किती. या चर्चेत मी आता पडत नाही. ब्रेक शाबूत असलेली, नुकतीच सर्व्हिसिंग झालेली आणि सवयीची कुठलीही माउंटन बाइक चालते. सहल फसते ती आखणीत, आणि आखणीतही एकाच ठिकाणी: रोज किती जायचं हे ठरवताना. ते तिसऱ्या पायरीत येईल. बाकीचं भराभर उरकते.

१. हंगाम ठरवा

पायथ्याचं हवामान बघून खिंडीचा अंदाज बांधू नका. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारांवरचा बर्फ दक्षिणेकडच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. खिंडीची एक बाजू कोरडी ठणठणीत आणि दुसरीकडे गुडघाभर बर्फ, असं अगदी सहज होतं. मुक्काम तीन हजार मीटरच्या वर असतील तर एका रात्रीपेक्षा दुसऱ्या रात्रीची झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. तुमची तब्येत कितीही ठणठणीत असो, उंचीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

२. वाटा निवडा

काठिण्याच्या खुणा बऱ्याच ठिकाणी बर्फावरच्या स्कीइंगवरून आल्या आहेत: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, पत्त्यांतल्या चौकटसारखी काळी खूण अवघड. आल्प्सच्या बाजूला एस-० (सगळ्यात सोपी) ते एस-५ (सगळ्यात अवघड) अशी श्रेणी दिसेल. घरी एका दिवसात जे झेपतं त्याच्या एक पायरी खालचं निवडा. तिसऱ्या दिवशी, पाठीवर ओझं आणि हात आखडलेले असताना, मधली वाटही अवघड वाटते. आणि त्या वाटेवर सायकलीला परवानगी आहे की ती फक्त चालणाऱ्यांसाठी आहे, हे आधीच विचारून घ्या.

३. दिवस पाडा

‘रोज पन्नास किलोमीटर आरामात होतात’ असं सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: चढ किती? उत्तर आलं नाही तर सल्ला तिथेच सोडा. मी तो ऐकला होता. सपाट रस्त्यावर मी ऐंशी किलोमीटर सहज करायचे, म्हणून डोंगरात रोजचे पंचेचाळीस म्हणजे दयाच दाखवली असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवसाच्या त्या पंचेचाळीस किलोमीटरमध्ये एकोणीसशे मीटर चढ होता. नकाशावर तो होता, मी बघितलाच नव्हता. अंधार पडला तेव्हा मी डोंगरधारेवर, दिवा नाही, मोबाइलची बॅटरी बारा टक्के. शेवटचा उतार सायकल हातात धरून चालत उतरले आणि रात्री नऊ वाजता मुक्कामी पोचले. पाय नव्हे, डोकं थकलं होतं. पुढचे दोन दिवस नुसते ढकलले.

तेव्हापासून मी दिवस तासांत मोजते. ही कल्पना जुनीच आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी नियम मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. सायकलीला हेच आकडे लागू होत नाहीत, पण चढाचा हिशेब वेगळा ठेवायचा हे तत्त्व तेच.

माझी पद्धत अशी. दिवसाच्या वाटेचे चार प्रकारचे तुकडे करायचे: बसून चढता येईल असा चढ, ढकलावा लागणारा चढ, वरखाली होणारी आडवी वाट आणि उतार. सामान घेतलेला, बऱ्यापैकी सराव असलेला माणूस पहिल्या प्रकारात तासाला तीनशे ते चारशे मीटर उंची गाठतो. ढकलताना अडीचशे. आडव्या पायवाटेवर तासाला आठ किलोमीटर. उतारावर मी नऊच धरते, आणि इथे सगळे माझ्यावर हसतात. पण खडकाळ उतार म्हणजे सुसाट सुटणं नव्हे. थांबून पुढचा टप्पा बघणं, बोटांना विश्रांती देणं, पाठीमागच्याची वाट बघणं, हे सगळं त्यात येतं.

आता चौतीस किलोमीटरचा एक दिवस घ्या. नऊ किलोमीटरमध्ये ९०० मीटर चढ, तासाला साडेतीनशेने: दोन तास पस्तीस मिनिटं. मग एका किलोमीटरमध्ये २५० मीटर, तो ढकलायचाच: एक तास. दहा किलोमीटर आडवी वाट: सव्वा तास. चौदा किलोमीटर उतार: दीड तासाच्या थोडं वर. बेरीज जवळजवळ साडेसहा तास. हा झाला नुसता चाकं फिरण्याचा वेळ. त्यात एक तृतीयांश मिळवा: जेवण, पंक्चर, चुकलेलं वळण, फोटो. झाले साडेआठ. सकाळी सातला निघालात तर साडेतीनला पोचाल. ‘फक्त चौतीस किलोमीटर?’ म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा.

कुठे ढकलावं लागेल हे आधी कसं कळणार? ॲपवरच्या सरासरी चढावर अजिबात विसंबू नका. सात टक्के सरासरीच्या पोटात वीस टक्क्यांचा तुकडा लपलेला असतो. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. १:५०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. रेषांमधलं अंतर वीस मीटर उंचीचं असेल आणि वाट ओलांडते तिथे दोन रेषा दोन मिलिमीटरवर असतील, तर तो चढ वीस टक्क्यांचा. कच्च्या वाटेवर तिथे उतरून ढकलायचं. रेषा एक मिलिमीटरवर आल्या की सायकल खांद्यावर. पट्टी घेऊन बसायला लाज वाटू देऊ नका.

ॲपच्या एकूण चढाचंही तसंच. उभ्या कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट किंवा बोगदा असला की उंचीची माहिती गडबडते आणि नसलेला चढ मोजला जातो. दोन ॲप एकाच वाटेला वेगळे आकडे देतात ते बरेचदा यामुळे. मोठे चढ हाताने मोजा: खिंडीची उंची वजा पायथ्याची.

दिवसांचा क्रमही यातच येतो. पहिला दिवस छोटा, चार-पाच तासांचा, कारण प्रवासाचा शीण आणि ढिले बोल्ट त्याच दिवशी उघडे पडतात. सगळ्यात मोठा दिवस दुसरा. तिसरा मुद्दाम लहान ठेवा. माझा अनुभव असा की भांडणं आणि पडणं, दोन्ही तिसऱ्या दिवशी दुपारी होतात. आणि प्रत्येक दिवसाला एक पळवाट हवीच: अर्ध्यातून दरीत उतरून रस्त्याला लागण्याची जागा, आणि ‘इथे एक वाजेपर्यंत पोचलो नाही तर खाली’ अशी वेळ. ती वेळ आदल्या रात्री सगळ्यांच्या देखत ठरवा. चढावर दमलेल्या माणसांनी घेतलेला निर्णय नेहमी ‘अजून थोडं जाऊ’ असाच असतो.

४. मुक्काम

दिवस पाडल्यावरच बुक करा. आधी बुकिंग करून दिवस त्यात कोंबणं हे वरच्या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे.

५. सामान आणि सायकल

पाठीवर पाच-सहा किलोच्या वर नको. ट्यूबलेस टायर असला तरी एक ट्यूब ठेवाच. टायरची कड फाटली की आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, काही करत नाही. डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग सांगाड्याला जोडणारा छोटा तुकडा, तुमच्या सायकलीला बसणाराच न्या. तो बऱ्याच मॉडेलांना वेगळा असतो, रस्त्यात सहसा मिळत नाही आणि एका साध्या पडण्यात वाकतो. तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक आणि ब्रेक पॅडचे दोन जोड घ्या. ओल्या, वाळूमिश्रित चिखलात ऑरगॅनिक पॅड एका दिवसात संपलेले मी पाहिले आहेत, मेटॅलिक जास्त टिकतात. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका, तो तापून ढिला पडतो. ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, मग सोडा. तापलेल्या डिस्कला हात लावू नका आणि पाणी ओतू नका.

विमानाने जाणार असाल तर ई-बाइकचा विचार सोडा, किंवा तिथे भाड्याने घ्या. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि या सायकलींची सहसा पाचशेच्या पुढे असते. साधी सायकल खोक्यात भरताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून लावून ते आणखी घट्ट बसेल.

६. रोजची वेळ

लवकर निघा, दुपारपर्यंत धारेवरून खाली या. उन्हाळ्यात डोंगरातली गडगडाटी वादळं बहुतेक दुपारीच उठतात.

७. निघण्याआधी

रोजची वाट, पळवाट आणि पोचायची वेळ एका कागदावर लिहून घरी कुणाकडे तरी द्या. शेजारी अजून एक वेळ लिहा: इतक्या वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचाव पथकाला फोन करायचा. त्या पथकाचा नंबरही तिथेच. ही दुसरी वेळ पोचण्याच्या वेळेनंतर चार तासांची ठेवा. मी आधी दोनच ठेवायचे, आणि एका पंक्चरपायी आईने फोन हातात घेतला होता.