पार्सल वितरणाचा ठेका घेताना या चुका टाळा

ऑनलाइन खरेदी तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्यापासून कुरिअर आणि ई-कॉमर्स कंपन्यांचा माल ग्राहकाच्या दारापर्यंत नेण्याचे काम अनेक ठिकाणी स्थानिक ठेकेदारांकडे आले आहे. एक गाळा, चार-सहा रायडर आणि एखादा छोटा टेम्पो एवढ्यावर धंदा सुरू करता येतो, म्हणून तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो अडचणीत येतो तो रस्त्यावरच्या खड्ड्यांपेक्षा दर ठरवताना आणि बिल करताना झालेल्या चुकांमुळे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हबवर (कंपनीचा माल उतरतो त्या आपल्या गाळ्यावर) आलेल्या पार्सलांवर उत्पन्न मोजणे. बहुतेक करारांत पैसे मिळतात ते ग्राहकाच्या हाती पडलेल्या पार्सलांचे. समजा, एका रायडरने सकाळी 70 पार्सले नेली आणि दर प्रत्येकी 15 रुपये आहे. कागदावर 1,050 रुपये दिसतात. त्यांपैकी 56 पोचली तर हाती येतात 840. रायडरचा दिवसाचा पगार 575 आणि पेट्रोल 140 वजा केले की उरतात 125 रुपये, आणि त्यातूनच गाळ्याचे भाडे, वीज आणि पार्सले लावणाऱ्या माणसाचा पगार भागवायचा असतो. म्हणून परत जाणाऱ्या पार्सलांसाठी काही दर मिळणार आहे का, हे करारापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मळ्यांत, वस्त्यांवर राहणाऱ्या ग्राहकांना गाडी निघण्यापूर्वी फोन करण्याची शिस्त लावली तर निष्फळ फेऱ्या कमी होतात. रायडर मात्र कधीकधी न जाताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद टाकतो. ॲपमधील ठिकाणावरून कंपनीला ते कळते आणि दंड ठेकेदाराच्या बिलातून कापला जातो.

कापली जाणारी दुसरी मोठी रक्कम ‘शॉर्टेज’ची, म्हणजे कमी भरलेल्या पार्सलांची, असते. पहाटे कंपनीचा माल आणणारी लाइनची गाडी आली की घाईघाईत सह्या करून पोती आत ओढली जातात आणि एखादे पार्सल कमी असल्याचे दुपारी लक्षात येते. तोपर्यंत जबाबदारी तुमच्यावर आलेली असते. सीलचा क्रमांक वाचणे, सील तोडण्यापासून शेवटच्या स्कॅनपर्यंत कॅमेऱ्यासमोर काम करणे आणि फरक आढळताच गाडी उभी असतानाच नोंद करणे, एवढे केले तर पुढचा वाद टळतो. कॅश ऑन डिलिव्हरीची रोकड त्याच संध्याकाळी रनशीटशी (रायडरच्या त्या दिवसाच्या पार्सलांच्या यादीशी) ताळून घ्यावी. ‘उद्या देतो, शेठ’ हे एकदा चालवून घेतले की ते रोजचे होते, आणि वरच्या हिशेबात 600 रुपयांची एक तूट म्हणजे त्या रायडरच्या कामातून तुम्हाला उरणारी जवळपास पाच दिवसांची रक्कम आहे.

कराच्या बाबतीत गोंधळ होतो तो वेळेचा. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते आणि कुरिअर सेवेवर 18 टक्के कर लागतो. 2 लाखांच्या बिलावर 36,000 रुपये कर झाला, तर मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला तो पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, कंपनीने बिल चुकते केलेले असो वा नसो. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एकावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळतच नाही. हा कर हातचा समजून पगारात वापरणारे ठेकेदार सहा महिन्यांत उधारीवर येतात. तेव्हा किमान दोन महिन्यांचे खेळते भांडवल बाजूला ठेवूनच सुरुवात करावी.

थकलेल्या बिलांवर उपाय आहे, पण तो आधी करून ठेवावा लागतो. काम सुरू करण्यापूर्वी उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय मुदतीबाहेर राहिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही. चालू ठेक्यात तक्रार करणे कुणालाच परवडत नाही, हे खरे. तरीही कंपनीच्या लेखा विभागाला हलवायला हा आयकराचा मुद्दा बऱ्याचदा पुरेसा ठरतो.

गाड्यांच्या कागदपत्रांकडे काणाडोळा करू नये. खासगी वापराचा विमा असलेल्या दुचाकीवर व्यवसायासाठी माल वाहताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. टेम्पोचे फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. चालकाच्या परवान्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे की हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. मोटारीचा परवाना दुचाकीला मात्र चालत नाही.

माणसे वाढली की दोन आकडे लक्षात ठेवावेत: दहा कामगारांपासून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि वीसपासून भविष्य निर्वाह निधी लागू होतो. पगार देऊन ठेवलेल्या रायडरला कागदोपत्री ‘भागीदार’ म्हटल्याने या जबाबदाऱ्या टळत नाहीत.

दिवाळीतील लोड, म्हणजे पार्सलांची आवक, पाहून कर्जावर दुसरा टेम्पो घेण्याचा मोह अनेकांना होतो. करारात किमान लोडची हमी नसेल आणि ठेका 30 दिवसांच्या नोटिशीवर संपवता येत असेल, तर तेवढे दोन महिने गाडी भाड्यानेच लावावी आणि जानेवारी-फेब्रुवारीतील पार्सलांचा आकडा पाहूनच बँकेत जावे.