मुख्य चौकाची फेररचना: खोदकामाआधी काय करावे

मधोमध पुतळा, भोवती कठडा आणि त्याला वळसा घालणारी वाहने, असे आपल्या बहुतेक शहरांतील मुख्य चौकांचे स्वरूप असते. लंडनचा ट्रॅफल्गर चौकही असाच वाहनांनी वेढलेला होता; २००३ मध्ये उत्तरेकडचा रस्ता वाहनांसाठी बंद करून नॅशनल गॅलरीपासून खाली उतरणाऱ्या रुंद पायऱ्या बांधण्यात आल्या आणि चौकात चालत जाणे सोपे झाले. म्हणून आपणही कारंज्याची जागा ठरवण्याआधी, चौकाची कोणती एक बाजू वाहनांपासून मोकळी करता येईल, हे शोधावे.

त्यासाठी बाजाराचा एक, कामाचा एक आणि सुटीचा एक असे तीन दिवस निवडून सकाळी, भर दुपारी, सायंकाळी आणि रात्री नऊनंतर प्रत्येकी अर्धा तास चौकात थांबावे. किती लोक जातात यापेक्षा किती जण थांबतात, कुठे टेकतात आणि त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध किती, हे टिपावे. बंद दुकानाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले आजोबा शटर वर जाताच उठतात. फुलवाली उन्हाबरोबर आपली टोपली हातभर सरकवत नेते. बैठक आणि सावली कुठे हवी, हे त्या दोघांकडूनच कळते.

बैठकीत कंजुषी करू नये. न्यूयॉर्कने १९७५ मध्ये नव्या खासगी इमारतींपुढील चौकांसाठी दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक बंधनकारक केली. आपल्यालाही हे प्रमाण आधाराला घेता येईल. बैठकीची उंची सुमारे ४५ सेंटिमीटर असावी आणि काही बैठकांना पाठ व हात असावेत, कारण वृद्धांना उठताना आधार लागतो. झाडाभोवतीचा पार हा आपला उत्तम नमुना आहे; मात्र गोल पारावर शेजाऱ्याशी बोलताना मान वळवावी लागते, म्हणून काही बैठका काटकोनात बांधाव्यात. पार बांधताना बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवावी.

पथारीवाले आणि हातगाडीवाले यांना हटवून चौक सुंदर होतो, ही समजूत मला अन्यायकारक आणि चुकीचीही वाटते. रात्री उशिरा तिथे माणसांची जाग राहते ती त्यांच्यामुळे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात. आराखडा या समितीपुढे सुरुवातीलाच ठेवावा आणि त्यात विक्रेत्यांसाठी नळ, सांडपाण्याची वाट व कचऱ्याची सोय दाखवावी.

यानंतरही लगेच काँक्रीट ओतू नये. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली ब्रॉडवेचा काही भाग वाहनांसाठी बंद करून साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि तो बदल पुढच्या वर्षी कायम झाला. पुण्यात लक्ष्मी रस्ता ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी वाहनमुक्त ठेवला जातो, तो अनुभवही उपयोगी आहे. पण एका दिवसाने व्यापाऱ्यांची शंका फिटत नाही. बॅरिकेड, कुंड्या आणि खुर्च्या वापरून दोन महिने प्रयोग करावा, त्यात एखादा सण येऊ द्यावा, आणि रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी व विसर्जनाची मिरवणूक यांना वाट मिळते का, हे प्रत्यक्ष पाहावे.

कायम बांधकामात फरशी खरखरीत असावी, तिला पाणी निचरण्यापुरता उतार द्यावा आणि पायऱ्यांच्या शेजारीच १:१२ पेक्षा जास्त चढ नसलेला, म्हणजे एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा, रॅम्प करावा. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि विजेच्या वाहिन्या निविदेच्या पहिल्याच टप्प्यात घालाव्यात. त्या मागे राहिल्या तर नुकतीच बसवलेली फरशी पुन्हा उखडावी लागते.