बँकेची नोटीस आली तर पाकीट परत पाठवू नका

सही केली नाही की नोटीस लागू होत नाही, हा समज गावात अजून आहे. खरं तर पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत पाठवतो आणि कोर्ट बहुधा नोटीस बजावली असंच धरतं. आत काय होतं ते मात्र तुम्हाला कळतच नाही. ‘घरी नाही म्हणून सांगा’ असा आग्रहही डाकसेवकाला करू नका. खोट्या शेऱ्याने त्याच्या नोकरीवर येतं.

१. पाकीट घ्या. सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतः घाला.

२. पाकीट फेकू नका, कडेने कापा. बारकोडजवळ १३ अक्षर-अंकी नंबर असतो, शेवटी आयएन. त्याचा फोटो काढा.

३. तो नंबर इंडिया पोस्टच्या साइटवर टाकून पोच तारखेचा स्क्रीनशॉट त्याच आठवड्यात घ्या. ही नोंद तिथे कायम राहत नाही.

४. मुदत शोधा. चेक न वटल्याची नोटीस असेल तर हातात पडल्यापासून १५ दिवस. सरफेसीची (थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) असेल तर नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस, म्हणजे टपालात गेलेले दिवस तुमच्याच मुदतीतून जातात. (तारण शेतजमीन असेल तर सरफेसी लागत नाही, ते उत्तरात लिहा.)

५. उत्तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती बँकेच्या पाकिटात ठेवा. रजिस्टर पोस्ट २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय.

पोस्टमनकडची सही पाकीट मिळाल्याची असते, कर्ज कबूल केल्याची नव्हे. वसुलीवाल्याने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर मात्र अंगठासुद्धा देऊ नका.